वाहत्या नळाचं ध्यान

३ मार्च, सकाळी ७
बायकोला कॅन्सर. केमो पुढच्या सोमवारपासून. घरात एकाने तरी खंबीर राहायला हवं. तो मी.
नर्सने दिलेल्या पत्रकात लिहिलंय, काळजी घेणाऱ्याने आधी स्वतःची काळजी घ्यावी. एकदम पटलं. उद्यापासून व्यायाम, ध्यान, साखर बंद.

४ मार्च
व्यायाम राहिला. ध्यान केलं. बाथरूममध्ये, कडी लावून, नळ पूर्ण सोडून. वाहत्या पाण्याने मन शांत होतं. डोळे लाल झाले ते साबणाने.
ध्यानापायी डॉक्टरांची मीटिंग हुकली. बायकोबरोबर मेहुणी गेली. वही घेऊन! असते एकेकाला हौस.

७ मार्च
केमोने केस जातात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बायकोला एकटं वाटू नये म्हणून सलूनमध्ये जाऊन चकोट करून आलो. तिने टकलावरून हात फिरवला. मग म्हणाली की तिच्या औषधाने केस जात नाहीत, त्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मेहुणीने वहीतलं पान दाखवलं. खाली दोन रेघा.
असो. भावना महत्त्वाची.

१० मार्च
पहिला केमो. वॉर्डात सगळे मलाच पेशंट समजले. एका आजोबांनी उठून आरामखुर्ची दिली. नाही म्हणणं बरं दिसेना.
सुई टोचताना धीर द्यायला बायकोचा हात धरला. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा बायको स्टुलावर बसून सलाईन नसलेल्या हाताने मला वारा घालत होती.
अशक्तपणा, दुसरं काय. साखर पुन्हा सुरू.

२ एप्रिल
तिला पाणीसुद्धा कडू लागतं. सूप केलं. करपलं. पातेलं तिनेच घासलं. विश्रांती घेत नाही म्हणून रागावलो. हल्ली ध्यान दिवसातून तीनदा.

१९ मे
गाठ कमी झाली का, ते उद्या कळणार. मी अजिबात घाबरलेलो नाही. ध्यान, पाच वेळा.

२० मे, सकाळी ८
नळ सोडला. पाणीच नाही. टाकी रिकामी. बाहेर सगळं ऐकू गेलं.
बायकोने दार वाजवलं. म्हणाली, अडीच महिने टाक्या संपवतोयस, आता बाहेर येऊन रड. मलाही रडायचंय, एकटीने रडून कंटाळा आलाय.
सोफ्यावर बसलो दोघं. खूप भीती वाटतेय, असं सांगून टाकलं. तिलाही वाटतेय म्हणाली.
रिपोर्ट दहाला. गाडी तीच चालवणार आहे.
डोळे लाल आहेत. साबणाला आज हात लावलेला नाही.