सोडवायचं नाही, निवडायचं

९ फेब्रुवारी, रविवार

पंधरा जण! पालमसारख्या गावात एमबीएच्या सीईटीसाठी पंधरा जण! गेल्या वर्षी सहा होते. किशनरावांच्या खताच्या दुकानावरची खोली, एक पंखा, खालून येणारा युरियाचा वास. पण फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं आणि सगळे चिडीचूप — ‘सोडवायचं नाही, निवडायचं.’

खरंच आहे ते. पाच उत्तरं पेपरवाल्याने आधीच देऊन ठेवलेली असतात. मग शाळेसारखं ‘समजा क्ष’ करत बसायचं कशाला? मधला पर्याय उचला, गणितात घालून बघा. जास्त झाला तर त्याहून लहान घ्या, कमी पडला तर मोठा. दोन उड्यांत काम फत्ते. सत्तेचाळीस गुणिले अडुसष्ट दिलं. साती आठे छप्पन, म्हणजे शेवटी सहा. सहाने संपणारे पर्याय दोनच. पन्नास धरले तर चौतीसशे, उत्तर त्याच्या थोडं खाली. झालं! पेन टेकवायची गरज नाही.

एक मुलगी तेवढी मान खाली घालून लिहीत होती. बबिता. सकाळी एका मेडिकलवर काम करते, गावाकडून एसटीने येते, साडेपाचची गाडी धरते. शेवटी तिचा हात वर. “सर, उत्तर आलं. पण का आलं?”

म्हटलं, बाई, ‘का’ला मार्क नसतात. सगळे हसले. तीही हसली, पण वहीत काहीतरी लिहिलंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म भरला. माझा! तिसऱ्यांदा. आईलासुद्धा बोललो नाही.

लोकांना वाटतं माझा नंबर लागला होता आणि आईच्या आजारपणामुळे गेलो नाही. मी तसं कधी म्हणालो नाही. कुणी म्हणालं तर खोडलंही नाही. बॅनरवर ‘अनुभवी मार्गदर्शक’ छापलंय. अनुभव आहेच की — दोनदा नंबर न लागण्याचा! एकोणतीस पूर्ण झाली. यंदा लागला तर सगळं आपोआप खरं होऊन जाईल. लागणारच. जो शिकवतो त्याला येत नाही, असं कसं होईल?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज तीन फेऱ्यांचा नियम दिला. पहिल्या फेरीत फक्त ओळखीची गणितं. दुसरीत मेहनतीची. तिसरीत उरलेल्यांवर अंदाजपंचे, कारण चुकलं तरी गुण कापत नाहीत, मग एकही रिकामं सोडायचं नाही. एका गणिताला तीस सेकंद. नाही हललं की पुढे. गणितावर जीव लावायचा नाही!

बबिता लावते. पन्नासपैकी एकतीसच सोडवली. तीस बरोबर. मी तिला म्हटलं, या वेगाने तुझा पेपर दिवाळीला संपेल. तर म्हणते, “सर, तुमी लय जल्दी करायलाव. माझा पाय टिकना.”

घरी तोच पेपर मी घड्याळ लावून दिला. पन्नासच्या पन्नास, चार मिनिटं शिल्लक! तपासला नाही. काय तपासायचं?

१ मार्च, शनिवार

आज हसून हसून पोट दुखलं. सराव पेपरात होतं : २.२० एकरात २२ क्विंटल सोयाबीन, तर एकरी उतारा किती? पंधरापैकी तेरा जणांनी एकच चुकीचं उत्तर दिलं. आठ पॉइंट आठ!

कारण आमच्याकडे दोन-वीस म्हणजे दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे अडीच. लहानपणापासून वाटण्या, बटई, मोजणी, सगळीकडे तेच ऐकलेलं. पण पेपर काढणारा गुंठ्यात राहत नाही. त्याचं दोन पॉइंट वीस म्हणजे दोन आणि एक पंचमांश. उत्तर दहा.

मी म्हटलं, परीक्षेला जाताना शेत बांधावर ठेवून जायचं! बबिता चुकली होती, ती लाल झाली. लगेच पुढच्या प्रत्येक गणितातल्या एककाखाली रेघ ओढायला लागली. किलो, तास, एकर, जे असेल ते. वेळ खाणारी सवय आहे. सांगून पाहिलं, ऐकत नाही.

३० मार्च, रविवार

शेवटचा तास. सगळ्यांना पेन दिले. पेपर कॉम्प्युटरवर असतो, पेन फक्त कच्च्या कामाला. बबिता आता पन्नासपैकी चव्वेचाळीसवर आली. वेग कसा वाढला विचारलं, तर म्हणे, एकदा कारण कळलं की ते गणित पुन्हा सोडवावं लागत न्हाई. बरं.

२ एप्रिल, बुधवार

दिला! आतापर्यंतचा सगळ्यात भारी पेपर!

पोरं भेटू नयेत म्हणून तोंडाला रुमाल बांधून गेलो. या उन्हात निम्मं गाव तसंच फिरतं. दारावर फोटो ताडून बघायला काढायला लावला तेवढाच. बबिताची परीक्षाही आजच, पण माझी पाळी दुपारची, तिची सकाळची असणार.

दोनशेच्या दोनशे. एक गणित तर चार सेकंदांत मारलं — तीन-वीस एकर, अठ्ठावीस क्विंटल, एकरी आठ! पर्यायात आठ होतेच. दुसऱ्या फेरीत परत बघायचीसुद्धा गरज नव्हती. येताना एसटीत खिडकी मिळाली. आईसाठी द्राक्षं घेतली. ती म्हणाली, एवढं काय झालंय आज? म्हटलं, काही नाही, रस्ता मोकळा होता.

३ एप्रिल, गुरुवार

पोरं खोलीवर आली. पेपरची चर्चा. बबिता म्हणाली, तिची दुपारची पाळी होती. म्हणजे माझीच! पण तिने माझ्याकडे नेहमीसारखंच पाहिलं.

मग सांगायला लागली. “त्ये जमिनीचं आलं व्हतं, सर. तीन पॉइंट वीस एकर. हात आठावर गेला व्हता. मग एकराखाली रेघ मारली, अन् तुमी हसला व्हता ते आठवलं.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! मीही मान हलवली.

अठ्ठावीस भागिले तीन पॉइंट दोन. पावणेनऊ.

४ एप्रिल, शुक्रवार

फेब्रुवारीतला तो पेपर काढून तपासला. पन्नासपैकी चौतीस.

३० मे, शुक्रवार

निकाल. बबिता सत्त्याण्णव पर्सेंटाइल! पालममध्ये कुणी ऐकलाही नसेल असा आकडा. किशनरावांनी पेढे आणले, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही वाटले. मला खरंच आनंद झाला. इथे खोटं लिहून काय करू?

माझे एकोणऐंशी.

सगळे गेल्यावर ती थांबली. बॅगेतून वही काढून दिली. डाव्या पानावर माझ्या युक्त्या, जशाच्या तशा. उजव्या पानावर एकच शब्द, ‘का’, आणि खाली तिच्या अक्षरात कारण. नवाने भाग जातो का बघायला अंकांची बेरीज करायची. मी दहा वर्षं करतोय. का, ते माहीत नव्हतं. तिने लिहिलं होतं : दहा म्हणजे नऊ अन् एक. शंभर म्हणजे नव्व्याण्णव अन् एक. नवाचे गठ्ठे बाजूला काढा, अंकांची बेरीजच उरते. एवढं सोपं! लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली, पहिल्यांदाच.

मग म्हणाली, “सर, दारावर रुमाल काढला तवा मी मागंच व्हते. वळख दिली न्हाई. तुमाला अवघड झालं असतं.”

दोन महिने हिला माहीत होतं! मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. दोन वेळचंही, आईच्या आजारपणाचंही. ती ऐकत होती. साडेपाचची गाडी गेली तरी उठली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “कॉलेज उघडंस्तोवर मी हितंच हाय.”

२ जून, सोमवार

नवी बॅच. एकोणीस जण. सगळ्यांसमोर सांगितलं, तिन्ही निकाल आकड्यांसकट. कुणी उठून गेलं नाही. फळ्यावर आता बबिता. मी तिसऱ्या बाकावर, नवी वही. पहिलं गणित तिने मलाच विचारलं. उत्तर मी चार सेकंदांत दिलं, बरोबर आलं. ती खडू हातात धरून थांबली.

“का, सर?”