विलायतेच्या प्रधानाचा कडू घास

गुरुजी,

तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मुरबाडपलीकडच्या आपल्या गावच्या शाळेत मी सहावीत होते. वर्गात मुली दोनच. इंग्लंडचा तो प्रधान पुस्तकात जेमतेम दोन ओळींचा, पण तुमचा भारी लाडका. नटीचा मुलगा, हुशार, जन्मभर त्या खुर्चीकडे डोळे लावून बसला आणि मिळाली तेव्हा चार महिन्यांत मेला. सांगताना तुम्ही उपरण्याने डोळे पुसलेत. त्याच पावसाळ्यात माझ्या शेजारच्या मुलीचा बाप पान लागून, साप चावून, गेला होता. ती पाच दिवसांनी शाळेत आली, तर गैरहजर का म्हणून तुम्ही तिला उभं केलंत. तिच्या बापासाठी एक शब्द निघाला नाही तुमच्या तोंडून!

घरी मी आईला एवढंच म्हटलं, की गुरुजी रडले, त्यांचा कुणी मोठा माणूस गेला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तिथे कडू घास न्यायचा, ही आमची रीत. दुसऱ्या दिवशी भाताची लावणी सोडून आई शाळेच्या दारात उभी आहे, पोटरीपर्यंत चिखल, हातात पिठलं-भाकरीची दुरडी. "मास्तर, चूल नसंल पेटली. दोन घास खावा, उपाशी नका राहू." काल तुम्ही वर्गात रडलात, तुमचा कुणी मोठा माणूस गेला, हे तिच्याकडून ऐकलंत आणि तुम्ही खो खो हसलात. "अगं बाई, तो विलायतेचा प्रधान! त्याला मरून शंभर वर्षं झाली!" आख्खा वर्ग हसला. मग ती दुरडी तुम्ही छडीने पायरीवरून खाली ढकललीत. हातसुद्धा लावला नाहीत.

वाटेत आई एकदाच बोलली, "घास ढकलतात तिथं माझी पोर नाय जायाची." माझी सातवीची फायनल परीक्षा राहिली. मास्तरीण व्हायचं होतं मला, तेही राहिलं. रडलेल्या माणसाला भूक लागते, हे त्या न शिकलेल्या बाईला कळत होतं. तुम्हाला काय कळत होतं, गुरुजी?

तुमच्या मुलाचा पत्ता आहे माझ्याकडे, पण हे पत्र धाडणार नाही. धाडलं तर सगळंच लिहावं लागेल. त्या दिवशी वर्गाबरोबर मीही हसले होते. आई तुमच्याकडे नव्हती बघत, माझ्याकडे बघत होती.