भिमाजीवरचा निबंध

४ जानेवारी, रविवार
लेखक व्हायचं ठरवलं. म्हणजे आहेच, फक्त जाहीर करायचं राहिलं होतं. सतरा वर्षं चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, सतरा वर्षं रिजेक्शन रिपोर्ट लिहितोय. एका ओळीत दोष, एका ओळीत कारण. फेसबुकवर लोक सकाळच्या चहावर तीनशे शब्द लिहितात आणि खाली दोनशे जण ‘अप्रतीम’ म्हणतात. तेही ‘ती’ दीर्घ काढून.
ललित निबंधाचा ऑनलाइन वर्ग लावला, आठ रविवार. शिकायला नाही. बाकीचे किती पाण्यात आहेत ते बघायला.
वर्षाली म्हणाली, मग गॅलरीतला नळ कधी बघणार. लेखकांच्या बायका अशाच असतात.

११ जानेवारी, रविवार
पहिला वर्ग. शिकवणारी अपेक्षा. आयटीत नोकरी, मारुंजीत भाड्याची खोली, वय जेमतेम सव्वीस. मागे दोरीवर टॉवेल वाळत होता. ही मला निबंध शिकवणार.
गृहपाठ: रोज भेटणाऱ्या एका माणसावर एक पान. जे पाहिलं, ऐकलं तेवढंच. ग्रुपवर टाकायचं आणि इतरांना अभिप्राय द्यायचा.
एक पान मी चिंचवड ते चाकण कंपनीच्या बसमध्ये लिहीन.

१४ जानेवारी, बुधवार
बसमध्ये झोप लागली.
आधी टोपणनाव महत्त्वाचं. ‘निर्मोही’. ब्लॉग उघडला. वर इंद्रायणीचा फोटो लावला. पाण्यावर केमिकलचा फेस दिसत होता तेवढा भाग कापला.

१७ जानेवारी, शनिवार
निबंध राहिला, पण अभिप्राय दिले. सांगवीच्या इंदुताई, रिटायर्ड नर्स, त्यांनी हॉस्पिटलच्या लिफ्टमनवर लिहिलंय. मोठे दोष दोन, किरकोळ सात, दुरुस्तीला वाव नाही, असं कळवलं. त्यांचं उत्तर: धन्यवाद, तुमचा निबंध वाचायची उत्सुकता आहे.
टोमणा असावा. पण टोमण्याला बुद्धी लागते, त्यामुळे नसेलही.

१ फेब्रुवारी, रविवार
चार वर्ग झाले. नऊपैकी आठ जणांचे निबंध आले. मी घाईतला नाही. शिवाय ऑडिट, ओव्हरटाइम, सर्दी.
अपेक्षाने सगळ्यांसमोर विचारलं. सांगितलं, माझ्या आसपास लिहिण्याच्या लायकीचा माणूस नाही. ती म्हणाली, सर, डबा कोणासोबत खाता?
बावळट प्रश्न.

३ फेब्रुवारी, मंगळवार
डबा भिमाजीसोबत खातो. फोर्कलिफ्ट चालवतो, चाकणजवळच्या गावचा, अठ्ठावीस तारखेला रिटायर होतोय. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर. त्याची बाजरीची भाकरी अर्धी मी खातो. दोन मिनिटांची गोष्ट हा माणूस सबंध लंच टाइम सांगतो, आणि शेवटी म्हशीवर येतो.
घ्यावा निबंधात. त्याला तरी दुसरं कोण अजरामर करणार.

८ फेब्रुवारी, रविवार
वर्गाला दांडी. लिहिला. एका पानाऐवजी सात पानं झाली, प्रतिभेला मार्जिन नसतो. शीर्षक ‘अडाणी देवमाणूस’.
मुख्य प्रसंग २०१९चा. रिजेक्ट ब्रॅकेटची पेटी चुकून कस्टमरच्या ट्रकमध्ये चढली होती, ट्रक परत आला होता. निबंधात असं आहे: अडाणी भिमाजीला पेटीवरचा रिजेक्टचा लाल टॅग वाचता येत नाही, तो पेटी चढवतो, थरथर कापतो, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि साहेबांसमोर त्याला सांभाळून घेतो. लिहिताना मलाच भरून आलं.
आता टॅग लावायचं काम माझं होतं हे खरं. सलग दोन शिफ्ट झाल्यावर लाल-हिरव्यात कोणाचीही गफलत होईल. माझं प्रमोशन त्याच महिन्यात होतं. भिमाजी आपणहून साहेबांना म्हणाला, मीच उचलली चुकून. त्याला मेमो मिळाला, आठ दिवस घरी बसला. पण निबंधाला नायक एकच असावा. तो अकरावी पास आहे हेही खरं, ‘अडाणी’ फक्त लयीसाठी.

९ फेब्रुवारी, सोमवार
ब्लॉगवर टाकला, वर्गाच्या ग्रुपवर, फेसबुकवर. कंपनीच्या ग्रुपवरही टाकला. तिथे वाचतंय कोण.
इंदुताईंचा अंगठा आला, नुसता. अपेक्षाने लिहिलं: यात भिमाजी एकही वाक्य बोलत नाहीत. त्यांना दाखवलात का?
उद्या ही म्हणेल, डोंगरावर लिहिलंत तर डोंगराला विचारलंत का.

१० फेब्रुवारी, मंगळवार
सगळ्या कंपनीने वाचलाय. पॅकिंगच्या पोरी मला बघून गप्प झाल्या. दरारा.
लंचला भिमाजीने चष्मा काढून पुसला. म्हणाला, निरंजनभाऊ, लई भारी लिवलंय. घरी मोठ्यानं वाचलं मी. पन त्या पेटीला हिरवा टॅग व्हता.
भाकरी नेहमीसारखी मोडून अर्धी दिली.
सात पानांत याला एक रंग खटकला. वाचक म्हणून कच्चा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
भिमाजी स्टोअरवाल्यांच्या टेबलावर बसायला लागलाय. बरं झालं. कोपर पसरून लिहिता येईल.
लिहिलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
एचआरचा सिद्धेश जिन्यात भेटला. नव्या पोरांना फोर्कलिफ्ट शिकवायला रिटायर्ड माणूस घेणार आहेत. साहेबांच्या मनात भिमाजीच होता, भिमाजीनेही अर्ज केलाय. पण मेमो असलेल्याला घेता येत नाही. तो मेमो सगळे विसरले होते. सिद्धेश म्हणाला, तुमचा निबंध वाचला म्हणून जुनी फाइल काढली, थँक यू सर. दहा मार्चला नाव लागेल.
माझ्या लिखाणाचा व्यवस्थेवर झालेला हा पहिला परिणाम.
(वरचं वाक्य खोडलं होतं. पण वाक्य म्हणून चांगलं आहे.)

२२ फेब्रुवारी, रविवार
निर्णय घेतला. दुसरा निबंध लिहायचा, कबुलीचा. तीन भागांत. भिमाजीच्या निरोप समारंभात सगळ्यांसमोर वाचायचा. असं धैर्य या पट्ट्यात आजवर कोणी दाखवलेलं नाही. अपेक्षाला कळवलं. तिने विचारलं, कबुली द्यायला तीन भाग का लागतात. तिला आवाका नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार
निरोप समारंभ. भिमाजी आलाच नाही. उरलेली रजा टाकून गुरुवारीच घरी गेला म्हणे. केक मॅनेजरनी कापला. लेखक म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं. आठ पानं खिशात होती. पण ज्याच्यासाठी वाचायची तोच नाही, मग या लोकांपुढे कशाला. म्हटलं, भिमाजी फार चांगला माणूस होता.
मागून कोणीतरी म्हणालं, अहो, आहे अजून.

१ मार्च, रविवार
शेवटचा वर्ग बुडवून भिमाजीच्या घरी गेलो. तो लग्नाला गेला होता. त्याची बायको रुक्मिणीबाई होती. अकरा वर्षं जिच्या भाकऱ्या खाल्ल्या ती बाई पहिल्यांदा बघितली. म्हणाली, ते लिवनारं तुमीच का. बसा.
ओसरीवर बसून आठही पानं वाचून दाखवली. ती शेंगा सोलत होती. संपल्यावर म्हणाली, हे त्यांना ठावं हाय. मलाबी ठावं हाय, सात वर्सं. कंपनीला ठावं न्हाई. तिथं सांगा की.
चहा दिला. डबाभर शेंगा दिल्या.
कंपनीला सांगायचं म्हणजे अर्ज लिहावा लागणार. अर्ज हा काही साहित्यप्रकार नाही.

५ मार्च, गुरुवार
अर्ज ‘महोदय’पर्यंत आला.

७ मार्च, शनिवार
अर्ज झाला. तीन वाक्यं: २०१९ साली त्या पेटीला हिरवा टॅग मी लावला. भिमाजी यांनी माझ्यासाठी चूक अंगावर घेतली. त्यांचा मेमो रद्द करावा. उपमा नाही, लय नाही. शाळेतलं पोरगंही लिहील.
वर्षालीने वाचला. घडी घालून माझ्या बॅगेत ठेवला. मग म्हणाली, अहो, सोमवारी सकाळी आधी हा देऊन या, मग कामाला लागा.
सही करायची राहिली आहे. सोमवारी तिथेच करीन.

९ मार्च, सोमवार
सिद्धेश मीटिंगमध्ये होता. पंधरा मिनिटांत येतो, असं एचआरमधले म्हणाले. थांबलो नाही, लाइनवर माल खोळंबला होता. शिवाय अर्जात ‘लावला’ की ‘लावला गेला’, याचा विचार व्हायला हवा.
वर्षालीला सांगितलं, दिला.

१० मार्च, मंगळवार
नोटीस बोर्डावर नाव लागलं. दुसऱ्या शिफ्टचा हिंदुराव. तो फोर्कलिफ्ट चालवतो की ढकलतो, हे कोणालाच सांगता येत नाही. असल्यांना निवडतात, काय बोलायचं.
लंचला एकटाच होतो.
घरी आल्यावर अर्ज बॅगेतून काढला आणि सही केली. सही झोकदार आली.