सातव्या शीटवरचं तळं

सेक्टर अकरा, तळमजला
दि. २ जुलै

चि. धाकटोबास,
अ. उ. आ. वि. वि.

मी भांडायला बसले आहे हे आधीच सांगते, म्हणजे चष्मा पुसून वाचशील. फोनवर विषय काढला की तुझी रेंज जाते. कागदाला ती सोय नाही.

तू आखलेल्या या शहरानं मला वात आणलाय. अकरा नंबरच्या सेक्टरला खेटून चौतीस नंबर कसा येतो, हे मला आजवर एकानंही सांगितलेलं नाही. परवा फ्रिज दुरुस्त करणारा आमचं घर दहा आणि बाराच्या मध्ये शोधत बसला. दहाच्या पलीकडे एकोणतीस आहे म्हणे! तोवर दूध नासलं. तू नकाशात आठ हात रुंद फुटपाथ दाखवलास, त्यावर आता गाड्या झोपतात आणि माणसं रस्त्यावरून चालतात. चिखल आणि खेकडे होते तिथे बेचाळीस सेक्टर उभे राहिले, त्रेचाळिसावा होतोय. कौतुक आहे रे, पण कौतुकानं भाजी आणायला जाता येत नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण गेल्या सोमवारपासून आमच्या मागच्या तळ्यात ट्रक माती ओततायत. नियोजित बहुमजली वाहनतळ, असा मोठा फलक लागलाय. तूच आम्हाला इथे घर घ्यायला लावलंस, तळ्याकाठी हवा खेळती राहते म्हणून! मी तडक नगररचना कार्यालयात गेले. तिथल्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत, पण ऐकून घेतात. त्यांनी मंजूर नकाशाची प्रत काढली. सातवी शीट. आमच्या इमारतीमागे पांढरं! त्या म्हणाल्या की कागदोपत्री तिथे तळं नाहीच, मोकळा भूखंड आहे.

ती शीट तुझ्या हातची. हे काय गौडबंगाल आहे ते कळव. हरकतींची सुनावणी एकवीस ऑगस्टला आहे.

अर्धांगाच्या झटक्यापासून ह्यांची उजवी बाजू अजून हट्ट करते, पण जीभ पूर्ववत चालते. तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ आहेच, सध्या रागाच्या खाली दबलाय.

तुझी
ताई


दि. ११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, ओरडा कानापर्यंत ऐकू आला.

सेक्टरचं म्हणशील तर जो आधी आखला त्याला आधी नंबर दिला. यात न समजण्यासारखं काय आहे? बत्तीस वर्षांत एकाही आरेखकाला ही अडचण आली नाही. फक्त राहणाऱ्यांनाच येते.

तळ्याचं ऐक. ते शोभेचं नाही. तुमचा सगळा भाग भरतीच्या पाण्याहून खाली आहे. भरती आली की समुद्राकडच्या झडपा बंद होतात, तेव्हा पावसाचं पाणी त्या तळ्यात थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते निघून जातं. तळं बुजवलं तर ते पाणी थेट तुमच्या स्वयंपाकघरात येऊन थांबेल. हे शेंबड्या पोरालाही कळतं, तेव्हा कार्यालयाला कळेलच. त्यांच्याकडची प्रत जुनी, रंग उडालेली असणार. मूळ शीट काढायला सांग.

एक आनंदाची बातमी. एक सप्टेंबरला शहराच्या वर्धापनदिनी माझा सत्कार ठरलाय. मानपत्राचा मसुदा आलाय, त्यात या शहराची पहिली रेघ ओढणारा हात असं लिहिलंय. बायको म्हणते की त्या हातानं घरातला एक खिळा ठोकल्याचं तिला आठवत नाही. तू मात्र पहिल्या रांगेत बस.

एरवी गुडघे मला या टेकडीवरून खाली उतरू देत नाहीत. भावोजींना नमस्कार. लोभ दबला असेल तर मातीखालून काढ.

तुझा
धाकटा


दि. २९ जुलै

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

तुझं तळ्यावरचं व्याख्यान पोचलं आणि मागोमाग पाणीही पोचलं. परवा उधाणाची भरती आणि पाऊस एकाच वेळी आले. तळं अर्धं बुजलंय. दुपारी तीनला मोरीतून गुळगुळ आवाज आला, चारला पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई धावत आल्या. दोघींनी मिळून ह्यांना खुर्चीतून उचलून जेवणाच्या टेबलावर बसवलं. जिना चढवणं आमच्या बाच्यानं झालं नसतं. तीन तास हे टेबलावर पुतळ्यासारखे बसून होते. मधेच म्हणाले की उद्घाटनाला कुणी येणार असेल तर चहा तरी द्या. शिंपीणबाई हसल्या. मला हसू येईना. मी एकटी असते तर काय केलं असतं, हेच डोक्यात फिरत होतं. अजूनही फिरतंय.

तुझ्या सांगण्यावरून नगररचनेच्या बाईंबरोबर दप्तरखान्यात जाऊन मूळ शीट पाहिली. रंग उडालेला नाही. रस्ते तपकिरी, घरं पिवळी, बागा हिरव्यागार आणि तळ्याच्या जागी कोरा कागद! खाली तुझी झोकदार सही. तारीख पाहून तर मी कपाळावर हात मारला. माझ्या लेकीचा जन्मदिवस! मी तिकडे मरणाच्या दारात आणि तू इकडे रेघा ओढत होतास, हे मी तुला दर वर्षी ऐकवतेच. पण निदान काम तरी पुरं करायचंस! बहिणीकडे आला नाहीस ते नाहीस, रंगही दिला नाहीस?

बाई म्हणतात की मूळ आरेखकानं सुनावणीत येऊन सांगितलं की इथे निळा रंग द्यायचा राहिला, तर नकाशातली चूक दुरुस्त करता येते. नाहीतर जे पांढरं ते मोकळं. एवढं एक वाक्य तुला बोलायचंय.

तुझी वाट बघते.

ताई


दि. ६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाण्याचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही दोघं इकडे निघून या. खोली रिकामी आहे, हवा कोरडी आहे.

सुनावणीचं म्हणशील तर ते तितकं सोपं नाही. शीटवर सही आहे, म्हणजे पूर्ण झाली म्हणून मी लिहून दिलंय. आज उठून ती अपुरी होती म्हणायचं, तेही सत्काराच्या दहा दिवस आधी, म्हणजे आयुष्यभर मी काय केलं असं लोक विचारतील. इंजिनियर लोकांनी झडपांचे कागद दाखवावेत. जुनं उकरून कुणाचंच भलं होत नाही.

बायकोचा नमस्कार. ती माझ्याशी बोलत नाहीये, कारण मला माहीत नाही.

लोभ असू दे.

धाकटा


दि. १० ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद गृहीत धर, लिहायला हात होत नाही.

तुझ्याकडे राहायला येऊ? ह्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून तीनदा बाई येतात. तळ्याच्या कठड्याला धरून गेल्या महिन्यात हे अकरा पावलं चालले. अकरा! टेकडीवरच्या तुझ्या पायऱ्या मोजल्यायस का कधी? आणि आम्ही आलो तरी बाकीच्या ऐंशी तळमजल्यांनी कुठे जायचं, सगळ्यांना तुझ्या रिकाम्या खोलीत कोंबतोस?

झडपांचे कागद इंजिनियरांनी दाखवले. त्यांना उत्तर मिळालं की झडपा आहेत, तळं नकाशात नाही. मंजूर नकाशा म्हणेल ते खरं. आणि नकाशा तू काढलास.

पुढचं मोठं उधाण एकवीस दिवसांनी आहे. तुझ्या सत्काराच्या आदल्या दिवशी. तू मानपत्राचे शब्द पाठ कर, मी ह्यांना टेबलावर चढवायची तयारी करते. तुझी बायको का बोलत नाही ते तुला माहीत नसेल, तर मला आहे.

येणार नसशील तर उत्तर पाठवू नकोस.

ताई


दि. १४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी येतोय. एकवीसला सकाळच्या बसनं. गुडघ्यांचं मी बघतो.

आता जे लिहितो ते वाच आणि तुझ्याजवळच ठेव. निळा रंग ओला असला की शेजारी पसरतो, म्हणून आम्ही तो सगळ्यात शेवटी, बाकीचे वाळल्यावर द्यायचो. सहीची शाई हात लागून फिसकटते म्हणून सही मात्र सकाळीच करून टाकायची. त्या दिवशीही तसंच केलं. सातव्या शीटवर पाणी म्हणून ते एकच तळं होतं. दुपारी निळा कालवून कुंचला हातात घेतला आणि आईचा फोन आला. तुला रक्त लागणार होतं, माझं जुळत होतं. साहेबांनी रजा नाकारली असती, शीट संध्याकाळी मंजुरीला जायची होती. मी हजेरीपटावर सही तशीच ठेवली, मागच्या दारानं निघालो आणि होडीनं खाडी ओलांडून इस्पितळात आलो. एक बाटली रक्त दिलं. तू शुद्धीवर नव्हतीस. लेक टोपलीत रडत होती, तिला पाहिलं आणि परतलो. सहा वाजता टेबल रिकामं होतं. शीट गेली होती.

सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. आईला शपथ घातली की मी आलोच नव्हतो असं सांग. पुढे इंजिनियरांच्या झडपांच्या कागदांवरून तळं खोदलं गेलं, पाणी साचलं, बदकं आली. मला वाटलं, आता कागदाकडे कोण बघतंय. मूळ शीट काढ म्हणालो तेही मागून कुणीतरी रंग भरला असेल या आशेवर. तुझे टोमणे ऐकून घेतले, कारण तू विचारायला लागली असतीस तर मी खोटं बोलू शकलो नसतो. नोकरी संपली तरी सवय सुटली नाही. आणि खरं सांगायचं तर मानपत्रातलं ते वाक्य मला फार आवडलं होतं.

सुनावणीत यातलं एक अक्षर बोलू नकोस. तुझ्यापायी राहिलं असं कुणी म्हणायला नको. माझी चूक, मी सांगेन.

तुझा
धाकटा


दि. २४ ऑगस्ट

चि. धाकटोबास,
अ. उ. आ. वि. वि.

तू सुनावणी संपताच बस गाठलीस, जेवायलाही थांबला नाहीस. मी दारापर्यंत आले तोवर तुझी पाठ दिसली. गुडघे दुखतात म्हणे! पळताना दुखले नाहीत ते.

नकाशातली दुरुस्ती मान्य झाली आणि माती ओतणारे ट्रक कालपासून बंद आहेत. आज पहिल्यांदा एक ट्रक तळ्यातली माती भरून परत गेला. शिंपीणबाईंनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. उधाणापर्यंत निम्मी माती तरी निघेल असं कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. निघते का ते मी रोज कठड्यावर उभी राहून बघणार आहे. वर्धापनदिनाची नवी पत्रिका आली. त्यात तुझं नाव नाही. वाईट वाटलं, लपवत नाही. हे म्हणाले की त्यांनी टेबलावरूनच तुझा सत्कार केला असता.

आता मुद्द्याचं. तुला भर सभेत विचारलं की रंग का राहिला, आणि तू मान खाली घालून म्हणालास की विसरलो. विसरलो! ज्यानं आयुष्यात छत्री विसरली नाही तो तळं विसरला! मागच्या रांगेतले दोघं हसले. एक जण म्हणाला की असल्यांच्या हातात शहर दिलं होतं. तू बसून राहिलास. मी नाही बसू शकले. तुझी अट मोडली, उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बोलताना रडू आलं त्याची मला लाज नाही. तू माझ्याकडे डोळे वटारलेस ते मी पाहिलं. वटार.

बत्तीस वाढदिवस, बत्तीस टोमणे! आणि तू दर वेळी केक खात मुकाट ऐकून घेतलेस. काय म्हणू तुला? निदान एकदा चिडायचंस तरी! माझा तुझ्यावरचा राग कुठे ठेवू आता, सांग. इतकी वर्षं सांभाळलेला आहे, टाकवतही नाही.

सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत सोबत आहे. बाईंनी आधी लिहिलं होतं की आरेखकाच्या विस्मरणामुळे जलाशयाचा रंग राहिला. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि दुरुस्ती मागितली. त्यांनी ते वाक्य खोडून स्वतःच्या हातानं लिहिलं की आरेखक त्या वेळी बहिणीस रक्त देण्यास गेलेले होते. खाली शिक्का आहे. आता ते सरकारी कागदावर आहे, तुला किंवा मला बदलता येणार नाही.

लोभ असावा असं लिहायला पेन टेकवलं होतं, पण ते आता मी तुला कुठल्या तोंडानं सांगू?

तुझी
ताई