नलीच्या डोक्यातला ठिपका

१२ जानेवारी १९८८, मंगळवार

नलीला फिट आली. मशीनवर बसली होती, खालच्या पाटकरवहिनींचा ब्लाउज शिवत. मला ऑफिसात फोन आला. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी मी, स्वतःचा आला तर काय बोलावं ते सुचेना.

घरी पोचले तर खोलीत अर्धी बिल्डिंग. कुणी तिच्या नाकाशी कांदा धरलेला, कुणी चप्पल. मी सगळ्यांना बाहेर काढलं. ती शुद्धीवर आली होती. मशीनची सुई बोटात घुसून तुटली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पहिलं काय विचारलं? "ताई, वहिनींच्या ब्लाउजला रक्त लागलं का गं?"

आई कोपऱ्यात उभी होती, भिंतीला टेकून. बाबा गेले त्या दिवशीही अशीच उभी होती.

१४ जानेवारी

आज पुन्हा. आधी उजवा हात उडायला लागतो, मग सगळं अंग. वीस वर्षांची पोर, आणि मला तिचा हात दाबून धरता येत नव्हता.

२१ जानेवारी, गुरुवार

मोठ्या हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन झाला. काळ्या फिल्मवर कवटीच्या आतली चित्रं, ओळीने. त्यातल्या एकात पांढरं कडं, वाटाण्याएवढं. भोवती सूज. एवढ्याशा ठिपक्याने घर हलवलं!

ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, टीबीची गाठ असेल किंवा दुसरी कसली असेल, उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मला नुसतं 'उघडून' ऐकू आलं. आईलाही तेवढंच ऐकू आलं असणार, कारण तिने माझा दंड धरला.

मग आम्हाला डॉ. तळपदेंकडे पाठवलं. मेंदूच्या विभागात आहेत, वयाने माझ्याएवढेच असतील. ते म्हणाले, अशा छोट्या गाठींचा त्यांचा अभ्यास चालू आहे. फक्त फिटच्या गोळ्या द्यायच्या, तीन महिने थांबून बघायचं, मग पुन्हा स्कॅन. काही पेशंटांची गाठ आपोआप गेली आहे.

"आपोआप म्हणजे कशाने?" मी विचारलं.

"पक्कं माहीत नाही. आजवर आपण अशांना टीबी समजत आलो. काहींचं म्हणणं, हा जंताचा प्रकार आहे. नीट न धुतलेल्या भाजीतून अंडं पोटात जातं, तिथून डोक्यात, आणि तिथे ते आपलं आपण मरतं. खरं काय ते बघायचंय. म्हणून मध्ये टीबीचं औषध घ्यायचं नाही, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणारच नाही."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"फिट वाढल्या, डोकं दुखलं, ओकारी झाली तर त्याच दिवशी यायचं. मग वाट बघायची नाही."

गोड बोलले नाहीत. मला तेच आवडलं.

नलीला आम्ही बाहेर बाकावर बसवलं होतं. उगाच घाबरायची. मी कागदावर सही केली, पण तळपदे उठून बाहेर गेले आणि तिलाही विचारलं. "तीन महिने दुसरं कुठलंही औषध नाही. चालेल?" ती म्हणाली, "नाही घेणार." तिनेही सही केली. मी पुढची तारीख विचारण्याच्या घाईत होते.

बाकावर तिच्या शेजारी एक मुलगी होती, वेसाव्याची. सरू. डोक्याला रुमाल, खाली खुरटे केस. हिच्यासारखाच ठिपका होता. दिवाळीआधी ऑपरेशन झालं, आत नुसती सूज निघाली म्हणे. तेव्हापासून उजवा हात लुळा. "मासळीचा कोयता धरवत नाय," एवढंच म्हणाली. निघताना नलीने तिच्या पदराची पिन नीट लावून दिली.

२२ जानेवारी

आई भडकली. काल हॉस्पिटलात मुकाट होती, आज सगळं बाहेर आलं.

"माझ्या चेडवाच्या डोक्यात गाठ आसा, नि तो डाक्टर सांगता काय करू नको? तुझो बापूस काय सांगी होतो? गिरणीचो संप मिटांदे, मगे दाखवया. मिटलो संप? थांबान रवलो, नि छाती खलास झाली. थांबान बघूया म्हणणारो एक माणूस मी पोचवलंय, सुगंधा. दुसऱ्यांदा नाय."

मी समजावलं. ते वेगळं, हे वेगळं. बाबांचा टीबी थुंकीत दिसला होता, इथे काहीच दिसलेलं नाही. बराच वेळ समजावलं. मला समजावता चांगलं येतं, असं ऑफिसात म्हणतात.

नली मध्ये बसून हाताने तुरपाई करत होती. मशीन, गॅस, पाणी, गॅलरीचा कठडा, सगळं बंद तिला. मशीनवर आईने जुनं लुगडं टाकून ठेवलंय.

३ फेब्रुवारी

फिट नाही. गोळ्यांनी ती सुस्तावते. चालता चालता थांबते आणि आपण कुठे चाललो होतो ते आठवत राहते.

आई कोथिंबीर मिठाच्या पाण्यात तीन-तीनदा धुते. कोथिंबिरीचा पार चोथा होतो. जंतावर विश्वास नाही, पण धुते.

१० फेब्रुवारी

आई शांत झाली आहे. रात्री झोपते. सकाळी माझ्याआधी उठून नलीला हाक मारते, तोंड धुवायला लावते, तिच्यापाशी उभी राहते. भांडण नाही, बाबांचं नाव नाही. माझं म्हणणं पटलं असावं. उशिरा का होईना!

१ मार्च

हात उडाला. फक्त हात, थोडाच वेळ. ती स्वतःच दुसऱ्या हाताने तो धरून बसली आणि मला म्हणाली, "थांब, जाईल." तिला घेऊन सरळ हॉस्पिटलात. तळपदेंनी तपासलं, गोळी वाढवली. "घाबरू नका" म्हणाले नाहीत. "पुन्हा झालं तर या" म्हणाले.

परत येताना पहिल्यांदा वाटलं, मी हे काय करून बसले आहे? सही माझी. तिला काही झालं तर आई माझं तोंड बघणार नाही. आणि मी तरी कुठे बघणार?

१८ मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुनिंब खाताना मी तोंड वाकडं केलं, नलीने केलं नाही. आई तिच्याकडे बघत होती. कसं कुणास ठाऊक, पण आनंदात होती.

६ एप्रिल

स्कॅन जवळ आला. कशात लक्ष नाही. आज साहेबांचा फोन भलत्याच माणसाला जोडला.

२१ एप्रिल, गुरुवार

गेला!

तळपदेंनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी उजेडावर लावली. जुन्यात ठिपका होता तिथे नवीनमध्ये बोट ठेवलं, मग सरकवलं, मग परत आणलं. काही नाही. सगळं एकसारखं करडं. मी एवढं सुंदर करडं कधी पाहिलं नव्हतं.

आई फिल्मला हात लावून रडली. डॉक्टरांनी तिला लावू दिला.

मला ते म्हणाले, "ही केस आमच्यासाठी फार मोलाची आहे. आणखी थोड्या अशा मिळाल्या तर पुढे अशा गाठीसाठी कुणाचं डोकं उघडायची घाई होणार नाही." नवी दिल्लीला डॉक्टरांची सभा आहे, तिथे मांडणार आहेत. फिटच्या गोळ्या अजून चालू ठेवायच्या, पण मशीनवर हळूहळू बसायला हरकत नाही म्हणाले.

नलीने विचारलं, "सरूचं काय?" तिच्या हाताला व्यायाम चालू आहे, एवढंच ते म्हणाले.

बाबा, तुम्ही हवे होता.

२ मे, सोमवार

बाजारात चंद्रप्रकाश डॉक्टर भेटले, नाक्यावरच्या दवाखान्याचे. म्हणाले, "सुगंधाताई, बहिणीचं टीबीचं औषध मध्येच सोडू नका हं. बरं वाटलं की लोक सोडतात."

मी भाजी न घेताच वळले.

घरी आले. आईने लपवलं नाही. "होय. दिलंय. रोज सकाळी, उपाशी पोटार, माझ्या हातान. फेब्रुवारीपासून. मगे? बरी झाली मा?"

"अगं, मी सही केली होती!"

"तू सही केलंस. मी आवस आसय."

मी नलीवरही ओरडले. "आणि तू? डॉक्टरांनी तुला समोर विचारलं होतं. तू घेत राहिलीस?" ती तुरपाईतून मान वर न करता म्हणाली, "आई द्यायची." बस्स. मला तर तिचाच जास्त राग आला. नंदीबैल नुसती! मान हलवायची, दुसरं काही नाही.

४ मे

बोलायचं की नाही?

गप्प बसले तर काय बिघडलं? ती बरी आहे. आईला डॉक्टरांसमोर मान खाली घालायला नको.

पण तळपदे दिल्लीला सांगणार, ही मुलगी औषधाशिवाय बरी झाली. ऐकणारे आपापल्या गावी जाऊन कुणाला तरी सांगणार, थांबून बघा. आणि त्या कुणाला खरंच टीबी असेल तर? तोही बाबांसारखा थांबून राहील. ते माझ्या गप्प बसण्यामुळे झालं, हे मला कळणारसुद्धा नाही.

६ मे

हॉस्पिटलचा नंबर लावला आणि उचलल्यावर ठेवून दिला. टेलिफोन ऑपरेटर आहे मी. लाज वाटली.

१२ मे, गुरुवार

एकटी गेले. सांगितलं.

तळपदेंनी मध्ये अडवलं नाही. मग विचारलं, लाल कॅप्सूल होती का? त्या कॅप्सूलने लघवी लाल होते, नलीला तशी व्हायची का? कावीळ, उलट्या? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. मी तिच्या डोक्याची एवढी काळजी केली, पण हे साधं विचारलं नव्हतं.

त्यांनी नलीचं नाव अभ्यासातून काढलं. रागावले नाहीत. फिल्म पाकिटात घातली. "आता ही कशाने बरी झाली ते आपल्याला कधीच कळणार नाही," म्हणाले. आणि मग, "बाकीच्यांनाही पुन्हा विचारायला हवं. आया सगळ्याच घरांत आहेत."

टीबीचं औषध सुरू झालंच आहे तर आता मध्ये तोडता येणार नाही. पुढचे सहा महिने पूर्ण करायचं. फिटच्या आणि टीबीच्या गोळ्या एकत्र पडल्या की अंगावर येतात, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," दारापर्यंत येऊन म्हणाले. मला बरं वाटलं नाही.

घरी कुणाला सांगितलं नाही.

१३ मे, शुक्रवार

आई देवळात गेलेली पाहून नलीला सगळं सांगितलं. नाव काढलं. सहा महिने औषध. रक्त.

ती उठली, मशीनवरचं लुगडं बाजूला केलं आणि ड्रॉवर ओढला. आत बॉबिनी, खडू, आणि त्यांच्यावर लाल कॅप्सूल आणि पांढऱ्या गोळ्यांचा ढीग. खालच्या बॉबिनींच्या दोऱ्याला लाल रंग लागलेला.

"एकही गिळली नाही," म्हणाली. "जिभेखाली धरायची. आईला झोप लागत नव्हती म्हणून घेतल्या. डॉक्टरांना शब्द दिला होता म्हणून टाकल्या. सरूचा हात बघितला होतास ना तू? तुम्ही दोघी माझ्या डोक्यावरून भांडत होता ताई, डोकं माझं होतं."

मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"रोज सकाळी."

उद्या तळपदेंकडे जायचं आहे. ड्रॉवर ती सोबत नेणार आहे, आत जाऊन तीच बोलणार आहे. मी बाहेर बाकावर बसेन.