मिल हलली नाही, दादा

प्रिय दादा,

परवा तुझ्या सागरच्या जपानात भूकंप झाला. काय गेलं, त्याचा हिशेब आधी देतो. एक कप फुटला. चहा सांडला. लिफ्ट बंद पडली म्हणून तुझी सून नातवाला कडेवर घेऊन जिन्यानं खाली उतरली आणि संध्याकाळी पुन्हा वर गेली. संपला हिशेब.

तुझ्या भूकंपाचा हिशेब तर त्याहून लहान आहे. तू गेलास.

सागर फोनवर म्हणाला, "काका, धक्का साधा नव्हता. बाबांच्या तिथं बसला तसलाच." माझे कान तुला माहीत आहेत. त्याच्यामागं काचा झाडल्याचा आवाज आला, आणि सूनबाई कशाला तरी हसली. मीही हसलो. फोन स्पीकरवर होता. वहिनी उठल्या, खाट उचलली आणि गोठ्यात नेऊन टाकली. तेव्हापासून त्या घरात झोपलेल्या नाहीत. तुझं तेवढं त्या ऐकायच्या. माझं ऐकत नाहीत, म्हणून तुला लिहितोय.

आठवतं का तुला? वालचंदनगरला फिटरकाम शिकलास आणि साखर कारखाने उभारायला देशोदेशी फिरलास. शेवटच्या त्या गरीब देशाचं नाव मी अजून तोंडानं घेत नाही. तिथून केवढ्या आनंदानं फोन केला होतास!

"बाळ्या, हितला पाया बघायला ये. उसाची मिल बसवलीय. भूकंप आला तरी हलायची न्हाय. तुझ्या सगळ्या स्लॅबांत मिळून नसंल एवढं लोखंड हाय!"

मी चिडवलं, "मग तितंच झोप की!"

का नाही झोपलास रे?

मिल हलली नाही, दादा. तू म्हणालास ते खरं निघालं. ओढ्याच्या अलीकडं मिल जागच्या जागी उभी, आणि पलीकडं तुमच्या खोल्यांचा ढिगारा. मिल महागाची, तिचा विमा उतरवलेला. तिच्या पायाचा नकाशा श्रीमंत देशातून आलेला. तुमच्या खोल्या कुणा ठेकेदारानं पावसाळ्याआधी उरकलेल्या. नुसत्या विटांच्या भिंती, कॉलम नाही, वर जाड स्लॅब. मालक एकच होता ना दोन्हींचा?

वडगाव निंबाळकरचा तुझा जोडीदार नामदेव परत आला, तेव्हा मी त्याला खोदून खोदून विचारलं. क्रेन होती म्हणे. मिलचा रोलर अलगद उचलणारी क्रेन! पण ओढ्यावरचा पूल पडला होता.

"तात्या, आमी पहारीनं उकरलं. मिलचे जॅक खांद्यावरनं आणलं. तवर तुमचा दादा बोलत हुता. मंग न्हाय बोलला."

तिथलं सरकार आलं ते मेलेल्यांची नावं लिहायला. आणि सागरकडं? जमीन हलायच्या आधी इशारा देत फोन ओरडला, सगळी टेबलाखाली शिरली. दुपारी माणसं आली, इमारत तपासली, मगच वर सोडलं. सागर हे सगळं किती सहज सांगत होता! ऐकून मला आनंदही झाला आणि भिंतीवर डोकं आपटावं असंही वाटलं.

तुझाही राग येतो. आपण गवंड्याची पोरं. मी तर सातवीतनं शाळा सोडून घमेलं उचललं. भिंतीवर टिचकी मारली की आत काय भरलंय ते आपल्याला कळतं. मिलच्या पायाला पुन्हा पुन्हा लेव्हल लावणाऱ्या माणसानं आपल्या उशाची भिंत एकदा वाजवून बघायला नको होती?

तीस वर्षं मी घरं बांधतोय. बारामतीपासून निरवांगीपर्यंत कुठंही जा, माझ्या एकाही घराला भेग नाही. चारचौघांत छाती ठोकून सांगतो. काल संध्याकाळी वहिनींनाही सांगितलं. गोठ्याच्या फाटकापासूनच त्यांच्या दम्याची शिट्टी ऐकू येत होती.

"वहिनी, आत चला. पाया पडतो तुमच्या."

"भावजी, पत्रा पडला तर खोक पडंल. तुमचा स्लॅब पडला तर?"

"माझा स्लॅब? एका घराला भेग दाखवा, धंदा सोडतो!"

त्यांनी गाईपुढं वैरण सारली. "तुमच्या दादाला बी मी फोनवर इचारलं हुतं, तितं ऱ्हायची जागा बरी हाय न्हवं? तर म्हणालं, कारखाना लई मजबूत हाय."

 

सागर म्हणतो, आईला इकडं पाठवा. त्या म्हणतात, "मी एकलीच वाचू व्हय? आन हितल्या गावाचं काय?" दम्याचं औषध नेऊन दिलं, तर ते वासराच्या दाव्याशेजारी तसंच पडलंय. एखाद्या पहाटे ती शिट्टी ऐकूच आली नाही तर, दादा?

खोटं कशाला बोलू, आपल्याकडं पैसा नाही असं नाही. कॉलममधल्या उभ्या गजांना सळीच्या रिंगा दाट बांधाव्या लागतात, त्यांची टोकं आत वळवावी लागतात, तरच धक्क्यात कॉलम तग धरतो. जपानात हे कुणी विचारतही नाही, करतातच. आपल्याकडं मालक म्हणतो, "तात्या, रिंगा कोण बघतंय? त्यापरीस पुढं ग्रॅनाइट लावा." मी ग्रॅनाइट लावून देतो. छान दिसतं.

आज सकाळी गोठ्याशेजारी वहिनींसाठी एका खोलीचा पाया खणायला घेतला. तुझ्या मिलसारखा घालणार आहे. रिंगा दाट, भिंतींवरून चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा, वर हलका पत्रा. त्या आत येतील का? ठाऊक नाही. तोवर माझी खाट अंगणात, त्यांचा श्वास ऐकू येईल इतक्या अंतरावर.

तुला शब्द देतो. यापुढं जिथं माणूस झोपणार, तिथल्या रिंगा माझ्या डोळ्यांदेखत बांधल्या जातील. मालकाला पटलं नाही तर त्यानं दुसरा तात्या शोधावा.

आणि ते भेगांचं. माझ्या एकाही घराला भेग नाही, हे खरंच आहे. या तीस वर्षांत आपल्याकडं घर पडावं इतकी जमीन हललेलीच नाही.

तुझा,
बाळ्या