कनकाची सही

८ जुलै १९६१, शनिवार

आज पहिल्यांदा कुप्पमात गेले. मद्रासच्या सांथोम चर्चच्या मागे, समुद्राला लागूनच कोळ्यांची ही वस्ती. कॉलेजच्या समाजसेवा मंडळातून आम्हा चौघींना एकेक वस्ती दिली आहे. दर शनिवारी दुपारी तिथल्या बायकांना तमिळ अक्षरं शिकवायची. मंडळ चारुलता मिस बघतात. म्हणाल्या, "फार नको. दिवाळीच्या आत प्रत्येकीला सही आली पाहिजे."

अकरा बायका आल्या. वाळूतच बसल्या. बी. ए.चं पहिलं वर्ष, तेही आत्ताच सुरू झालेलं – मी काय शिकवणार?

२२ जुलै

त्यांत कनका म्हणून एक आहे. तिशीची, दोन मुली. नवरा दोन वर्षांमागे समुद्रावर गेला तो परतलाच नाही. त्याचं आणि धाकट्या भावाचं, एळुमलैचं, मिळून एक कट्टुमरम, ओंडके बांधून केलेली होडी. पकडलेल्या मासळीतला निम्मा वाटा अजून कनकाला मिळतो. ती तो मैलापूरच्या बाजारात विकते. त्यावर घर.

तमिळ 'न'चे वळसे काही तिला जमत नाहीत. आज तीनदा पाटीवरची पेन्सिल मोडली. "ही बोटं मासे कापायची आहेत, टीचरम्मा." माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आणि मला टीचरम्मा!

१२ ऑगस्ट

चारच जणी. बाकीच्या मासळी वाळवायला. करणार काय.

२६ ऑगस्ट

कनकाला नाव आलं. तीन अक्षरं, तिसरं ओळ सोडून खाली उतरलेलं, पण आलं. पाटी घेऊन झोपडीझोपडीत दाखवून आली. मी घरी आले ती जमिनीवर पाय नसल्यासारखी.

अप्पांना सांगितलं. हार्बरच्या ऑफिसात पंचवीस वर्षं कागद हाताळलेला माणूस. म्हणाले, "बरं झालं. आतां वाचायला शिकव." मी म्हटलं, आधी अकराही जणींच्या सह्या होऊ देत.

१६ सप्टेंबर

एळुमलै वर्गात आला. हातात कागद. नवीन जाळ्यांसाठी मच्छीमार संघात अर्ज करायचाय, वहिनीची सही लागते, म्हणाला. साक्षीला कुणी शिकलेलं माणूसही हवं.

पाटीवर नाही, खऱ्या कागदावर कनकाची पहिली सही! सगळ्या बायका भोवती जमल्या. माझंच पेन दिलं तिला. लिहिताना जीभ दातांत धरली होती. खाली मी सही केली – साक्षीदार म्हणून, पूर्ण नाव, कॉलेजच्या नावासकट.

७ ऑक्टोबर

काय लिहू.

कनका आज पाटी न घेता आली. एळुमलै आठवडाभर मासळी देत नाही. विचारलं तर म्हणाला, तू लिहून दिलंयस.

मी त्याच्या झोपडीत गेले. त्यानं न चिडता कागद काढून दाखवला. सगळ्या मिळून सहा ओळी. दुसऱ्याच ओळीत – कट्टुमरमातला आणि जाळ्यांतला नवऱ्याचा वाटा दिराला स्वखुशीनं सोडला आहे. अक्षर सुवाच्य. खाली कनकाची तीन अक्षरं, त्याखाली माझं नाव.

"तुम्ही मला हा अर्ज आहे म्हणालात," मी म्हटलं.

"तुम्हाला वाचता येतं, अम्मा," एळुमलै म्हणाला. "मला वाटलं तुम्ही वाचलंत."

८ ऑक्टोबर

अप्पांना सांगितलं. "काय गे, न वाचतां सही केलीस?" एवढंच. आई म्हणते, त्या वस्तीत पुन्हा जायचं नाही.

११ ऑक्टोबर

चारुलता मिसना भेटले. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "यात कॉलेजचं नाव आणू नकोस. अकरा बायका साक्षर झाल्या म्हणून आपला अहवाल गेलाय."

म्हटलं, साक्षर नाही झाल्या. मिस दुसऱ्या मुलींशी बोलायला लागल्या.

१४ ऑक्टोबर

उद्या वस्तीची पंचायत बसणार. कनकाला बाजूला घेऊन सांगितलं – सही माझी नाही म्हण. कोण सिद्ध करणार? मीही म्हणेन, मी नंतर सही केली, कनकाला करताना पाहिलं नाही. साफ खोटं. पण दुसरं काही सुचत नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

आईला न सांगता गेले. पाच म्हातारे छपराखाली बसले होते. कागद कनकापुढे धरला. ही सही तुझी?

मी मानेनं खुणावत होते, नाही म्हण.

"माझी," ती म्हणाली. "मी लिहिली."

"वर काय आहे ते माहीत होतं?"

"नाही. पण टीचरम्मा शेजारी होत्या."

तिनं ठपका ठेवला नाही, जे होतं ते सांगितलं. सगळे माझ्याकडे वळले. मी उठले. "मी वाचलं नाही."

"वाचता येतं ना?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"येतं."

त्यानं कागदाची घडी केली. वाटा गेला. एळुमलैनं मुलींच्या पोटापुरती मासळी द्यावी, एवढं ठरलं. देईल का, कोण बघणार?

कनका रस्त्यापर्यंत सोबत आली. मला रडू आवरेना, ती मात्र शांत. "माझी नाही कसं म्हणू, टीचरम्मा? किती दिवस लागले ते लिहायला."

२१ ऑक्टोबर

अकराही जणी आल्या. वाटलं नव्हतं. सही आता सगळ्यांना येते; हजेरीची वही पुढे केली, पेन ठेवलं. पेन कुणीच उचललं नाही. माझ्या दौतीच्या झाकणातल्या शाईत अंगठा टेकवून एकेकीनं ठसा उठवला.

पहिली कनका.